शनिवारची दुपार कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

'श्रम आणि फुरसत' हा आजचा विषय. चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेला माणूस आता आकडेवारी मांडणार, अशी भीती तुम्हांला वाटत असेल, तर ती मी आधीच दूर करतो. मी तुम्हांला फुटबॉलच्या एका स्पर्धेची हकिगत सांगणार आहे. कामाच्या तासांचा प्रश्न मला कित्येक जाडजूड ग्रंथांपेक्षा या हकिगतीतून अधिक स्पष्ट दिसला.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८७१-७२ साली बाद पद्धतीची चषक-स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी अवघ्या १५ संघांनी नावे दिली. पहिल्या अकरा हंगामांत चषक कोणाकडे गेला, हे पाहिले की त्या समाजाचा नकाशाच समोर उभा राहतो. लष्करातील अभियंत्यांचा संघ, ऑक्सफर्ड विद्यापीठाचा संघ, धनिकांच्या निवासी विद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्यांचे संघ: सारे दक्षिणेकडचे आणि बहुतेक सारे सुखवस्तू. खेळाचे नियम याच वर्गाने केले होते, स्पर्धा याच वर्गाने भरवली होती, आणि चषकही याच वर्गात फिरत होता.

१८८२-८३ च्या हंगामात ८४ संघ उतरले. अंतिम सामन्यात एका बाजूला होता 'ओल्ड ईटोनियन्स', म्हणजे ईटनच्या विख्यात विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा, आदल्या वर्षीचा विजेता संघ. त्याचे नायक आर्थर किनेअर्ड हे पेढीवाल्या उमराव घराण्यातील असून हा त्यांचा नववा अंतिम सामना होता. दुसऱ्या बाजूला होता लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावचा, १८७८ साली स्थापन झालेला 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक'. त्याच्या खेळाडूंत विणकर होते, सूत कातणारा होता, लोखंडाच्या ओतशाळेत काम करणारे होते. नायक अल्बर्ट वॉरबर्टन नळकाम करीत. उपान्त्य सामन्यात याच संघाने चार्टरहाउस विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना ४-० असे हरवले होते.

३१ मार्च १८८३ रोजी, शनिवारी, लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर सुमारे आठ हजार प्रेक्षकांसमोर सामना झाला. पहिला गोल ईटनच्या गुडहार्टने केला. उत्तरार्धात मॅथ्यूजने बरोबरी साधली. ईटनचा डन हा खेळाडू जखमी होऊन बाहेर गेल्याने तो संघ दहा जणांवर आला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जादा वेळेत कॉस्टली या सूत कातणाऱ्या तरुणाने निर्णायक गोल केला. २-१. चषक प्रथमच उत्तरेकडे, गिरणीगावात गेला. त्यानंतर विद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांच्या एकाही संघाला तो जिंकता आला नाही, आणि १९०१ पर्यंत दक्षिणेतील कोणत्याही संघाला तो मिळाला नाही.

आता प्रश्न असा की, हे घडले कसे? कामगारांच्या अंगी खेळाचे कौशल्य काही १८८३ सालीच अवतरले नव्हते. त्यांच्यापाशी नव्हता तो वेळ. १८४७ साली दहा तासांचा कायदा झाला. १८५० च्या कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगारांसाठी कापडगिरण्यांतील काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले, आणि त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषही सुटले. शनिवारची ती मोकळी दुपार कोणा मालकाने उदार होऊन दिली नव्हती. दोन पिढ्यांच्या चळवळीने ती मिळवली होती. इंग्लंडचा कामगारवर्गीय फुटबॉल त्या दुपारीच जन्मला. ज्याला आपण 'प्रतिभा' म्हणतो, तिच्याखाली अनेकदा कायद्याचे एखादे कलम दडलेले असते, ते असे.

परंतु ही कथा येथेच संपवली, तर मी तुमची दिशाभूल केली असे होईल. अंतिम सामन्याआधी ऑलिंपिकचे खेळाडू सरावासाठी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी जाऊन राहिले. लंडनच्या सभ्य मंडळींनी यावर नाके मुरडली. खेळासाठी इतकी तयारी करणे त्यांना अशोभनीय वाटले. बारा महिने फुरसत असलेल्यांनी आठ दिवसांच्या फुरसतीला नावे ठेवावीत, यातली विसंगती त्यांच्या ध्यानी आली नाही. मात्र त्या मुक्कामाचा खर्च केला होता सिडनी येट्स या ओतशाळेच्या मालकाने. कामगारांचा विजय भांडवलदाराच्या थैलीवर उभा होता! पुढे ती थैली आखडली. १८८५ साली खेळाडूंना वेतन देण्यास मान्यता मिळाली. ती आवश्यकच होती, कारण 'हौशी'पणाची सक्ती ही ज्याच्या घरी आयते उत्पन्न आहे त्याच्याच सोयीची असते. परंतु वेतनाबरोबर पैशाची स्पर्धाही आली. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्या बारा संघांत ब्लॅकबर्नमधून 'रोव्हर्स' या बलाढ्य संघाला जागा मिळाली, ऑलिंपिकला नाही. १८८९ साली ऑलिंपिक बंद पडला. खेळणारे कामगार होते. पण संघ त्यांच्या मालकीचा नव्हता.

आणखी एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. ब्लॅकबर्नचे माग प्रामुख्याने हिंदुस्थानच्या बाजारासाठी चालत. आपल्या लोकांच्या कमरेची धोतरे तेथे विणली जात. म्हणजे कॉस्टली आणि त्याच्या सोबत्यांच्या मजुरीचा एक वाटा आपल्या खेड्यांतून गेलेला होता, आणि त्याची किंमत आपल्या हातमागवाल्याने मोजली होती. यात ब्लॅकबर्नच्या विणकराचा दोष नाही. १९३१ साली गांधीजी लँकेशायरला गेले, तेव्हा स्वदेशीच्या चळवळीने ज्यांचे काम बुडाले त्या गिरणीकामगारांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. दोन्हीकडचे श्रमिक एकमेकांना ओळखू शकले. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था मात्र दोघांच्याही नजरेआड होती.

आणि १८८३ साली मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते? १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांपुरते तास बांधले होते. प्रौढ कामगाराला आठवड्याची एक सुट्टीही कायद्याने नव्हती. १८८४ साली महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची आणि दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी केली. मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. ब्लॅकबर्नचा विणकर चषक घेऊन घरी परतला, त्यानंतर सात वर्षांनी आपल्या गिरणीकामगाराला त्याचा पहिला हक्काचा रविवार मिळाला. त्या सात वर्षांत, आणि त्यापूर्वीच्या पिढीत, आपल्याकडचे किती कॉस्टली साच्यावर उभे राहून झिजले असतील, याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही.

म्हणून मित्रहो, तुमच्या वस्तीतील पोरे खेळत नाहीत अशी तक्रार कानी आली, तर आधी मैदान कोठे गेले ते विचारा. आणि मग त्यांच्या आईबापांचे कामाचे तास विचारा. आज कंत्राटी कामगाराला, रात्रंदिवस दुचाकीवरून घरोघर माल पोचवणाऱ्या तरुणाला त्याची शनिवारची दुपार आहे काय? मजुरीची मागणी आपण करतो, ती केलीच पाहिजे. पण वेळेची मागणी विसरू नका. भाकरीने माणूस जगतो. मोकळ्या वेळात तो कोण आहे हे त्याचे त्याला कळते.