सेवेचे तास



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे मार्केट यार्डात, पोत्यांच्या थप्पीवर बसून, रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकांत झाले. कित्येक वर्षे पाठीवर पोती वाहिली आणि मग हमालांच्या संघटनेचे काम अंगावर घेतले. चिटणीसांनी ‘विद्यार्थी आणि समाजसेवा’ हा विषय मला दिला तेव्हा मी म्हणालो, कॉलेजचा विद्यार्थी मी कधी नव्हतो. पण विद्यार्थ्यांकडून सेवा करून घेण्याचा अनुभव गाठीशी आहे. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी एवढा तिचा आरंभ होता. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा शिरस्ता. तिच्या बोधचिन्हात कोणार्कच्या रथाचे चाक आहे आणि त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, असे सांगतात. अष्टौप्रहर सेवा! आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सेवेला श्रेयांकही मिळू लागले. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ३० तास लोकांत काम केले की एक श्रेयांक. पुस्तकाबाहेरच्या कामाला विद्यापीठाने गुण द्यावेत ही गोष्ट मला मनापासून पसंत आहे. हमालाच्या मुलीला निबंध जमला नाही तरी हे जमेल.

पण आमच्या यार्डात काय घडले ते ऐका.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजची तीस-पस्तीस मुले आमच्या कार्यालयात आली. काम द्या म्हणाली. मला सुचेना. यार्डात कचरा पुष्कळ, म्हणून मी म्हणालो, झाडा. मुलांनी तीन दिवस यार्ड आरशासारखे लख्ख केले. फोटो निघाले, मी भाषण केले, प्रमाणपत्रांवर सह्या ठोकल्या. चौथ्या दिवशी रोजंदारीवर झाडणाऱ्या मावशी दारात उभ्या. म्हणाल्या, “दादा, पोरं गुणाची हायती. पण माझा तीन दिसांचा रोज कुठं गेला?” ठेकेदाराने त्यांना सांगितले होते, फुकट झाडणारे आले आहेत, तुम्ही तीन दिवस येऊ नका.

मंडळी, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मजुरीसाठी भांडलो, आणि एका बाईची मजुरी माझ्याच सहीने बुडाली. ठेकेदाराला जाब विचारला तर तो हसून म्हणाला, “मुले तर तुम्हीच लावलीत!” खरेच होते ते. मावशींचा रोज संघटनेच्या पेटीतून दिला. ठेकेदाराकडून तो आजतागायत निघालेला नाही.

आपण म्हणाल, एका ठेकेदारावरून एवढा गहजब कशाला? पण संस्था मोठ्या असोत की लहान, बहुतेकांच्या पेटीत खडखडाट असतो. पगारी कारकुनाच्या जागी दर सहा महिन्यांनी नवी मुले फुकट मिळत असतील, तर कारकून कोण ठेवील? आणि मुलांना तरी काय मिळाले? मावशींचे नावही त्यांच्यापैकी एकाला ठाऊक नव्हते.

याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कचरा वेचणाऱ्या बायकामुलांत गेल्या. गेल्या होत्या अक्षरे शिकवायला. त्यांच्याबरोबर फेरीला फिरू लागल्यावर उमगले की आधी प्रश्न पोटाचा आहे. कुंडीत हात घालण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला कागद आणि काच हाती आली, तर श्रम वाचतात आणि भावही बरा येतो. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांचा हात तिच्या पाठीशी होता. पुढे वेचकांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. विद्यापीठाने अक्षरांचे तास मोजून फाईल मिटली असती तर?

मावशींच्या प्रसंगानंतर मी एक रीत पाडली. मुले आली की प्रथम हे काम आज कोणी मजुरी घेऊन करते का ते पाहतो. करीत असेल तर ते काम मुलांना नाही. मग उरते काय? उरते ते कागदाचे काम. आमचा माथाडी कायदाही १९६९ चाच, सेवा योजनेचा जुळा भाऊ म्हणा. त्याप्रमाणे व्यापाऱ्याने हमाली आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती कामगाराच्या खात्यावर टाकायची. भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, सगळे त्यावर चालते. पण पोती मोजणाऱ्या गड्याला आपल्या खात्याचा हिशेब मोजता येत नाही.

वाणिज्य शाखेची एक मुलगी आली. पहिले आठ-दहा दिवस तिला कोणी कागद दाखवीना. थट्टा मात्र होई. ती चहाच्या टपरीजवळ बसून राही आणि लोकांचे गॅसचे, रेशनचे अर्ज भरून देई. मग एका म्हाताऱ्या मुकादमाने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. तिने टोळीची वही आणि मंडळातला भरणा ताडून पाहिला. एका अडत्याने सात महिने टोळीच्या निम्म्याच गाड्यांचा भरणा केला होता. मी त्याच टोळीत वावरणारा माणूस, मला दिसले नव्हते!

अर्ज केला. निकाल लागण्याआधीच तिचे तास संपले आणि परीक्षा आली. तिला दोष देत नाही. पण जाताना तिने त्या मुकादमाच्या नातीला वही ताडायला शिकविले होते. पैसे निघाले तेव्हा पुढचा सगळा हिशेब त्या नातीने मांडला होता.

आता कॉलेजच्या प्रमाणपत्रावर मी एकटा सही करीत नाही. ज्याचे काम केले त्याचीही सही किंवा अंगठा घेतो. एका प्राध्यापकांनी हरकत घेतली, अशा अंगठ्याला विद्यापीठात किंमत नाही म्हणाले. मी म्हटले, मग आपली मुले आपल्याकडेच असू द्या. दोन वर्षे त्यांनी मुले पाठविली नाहीत. तिसऱ्या वर्षी पाठविली. यंदा जुलैत नवी तुकडी यायची आहे. पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे मी बोलणार नाही, त्या झाडणाऱ्या मावशी बोलणार आहेत. त्या दिवसाचा त्यांचा रोज कॉलेजने द्यायचा, असे आधीच लिहून घेतले आहे.