वैद्यकशिक्षण आणि वर्तनशास्त्र



वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वर्तनशास्त्र हा घोकून पार पाडण्याचा विषय वाटतो. डॉ. जॉर्ज एंजल या अमेरिकी वैद्याने १९७७ साली रोगाचा विचार देह, मन व समाज मिळून करावा, असे मांडले. १९८० सालच्या लेखातील त्यांचे उदाहरण मात्र अधिक बोलके आहे. हृदयविकाराने रुग्णालयात आलेले पंचावन्न वर्षांचे गृहस्थ. शिकाऊ डॉक्टर धमनीत सुई घालू पाहतात, जमत नाही. पुन्हा पुन्हा टोचून अखेर मदत आणावयास निघून जातात, रुग्णाला एकटे ठेवून. थोड्याच वेळात हृदयक्रिया थांबते. विजेच्या धक्क्याने ती पूर्ववत झाली, सर्वांनी समाधान मानले. (समाधान लवकर मानले जातेच!) त्या एकाकी क्षणांत त्यांच्या मनात काय चालले होते, हा प्रश्न एंजलनी विचारला.

भारतात २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण आले. आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषाही आली. परंतु बेळगावसारख्या ठिकाणी स्थानिक भाषा एकच नसते. ‘जीव घाबरा होतो’ असे वृद्धा मराठीत सांगते. कन्नडभाषी तरुण डॉक्टराला दुभाषा लागतो. दुभाषा बहुधा तिची सून असते, आणि सुनेसमोर सासू सारेच सांगत नाही.