चर्च, वस्ती आणि हिशेबाची वही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्मसंस्थेचा विषय निघाला की आपल्या मंडळींची प्रतिक्रिया बहुधा दोनपैकी एक असते. काहींना ती शोषणव्यवस्थेची दासी वाटते आणि विषय तिथेच संपतो. दुसरे काही तिच्या शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रम पाहून भारावतात आणि त्यांच्यापुरताही विषय तिथेच संपतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, श्रद्धावान म्हणता येईल असा नव्हे. पण सहकाराचा इतिहास शिकवताना एका प्रकरणाकडे मला वारंवार वळावे लागले आणि दर वेळी ते मला अधिक अवघड वाटत गेले. चर्च ज्या लोकांच्या मध्ये उभे असते त्या लोकांशी त्याने कोणत्या नात्याने वागावे, हा प्रश्न त्यात उघडावाघडा समोर येतो. आज ते प्रकरण तुमच्यापुढे मांडतो.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोवा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या पूर्व भागात स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेले व काही फ्रेंच वंशाचे लोक राहतात; त्यांत कॅथॉलिकांची संख्या मोठी आहे. पहिल्या महायुद्धानंतर या भागाची अवस्था दैन्याची होती. किनाऱ्यावरचा मच्छीमार जाळे, आमिष, पीठ, चहा हे सारे व्यापाऱ्याकडून उधारीवर घेई आणि पकडलेले मासे व शेवंडे त्याच व्यापाऱ्याला, त्याच व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाने घाली. दोन्ही भाव एकाच माणसाच्या हातात असल्यावर खात्यावर बाकी कोणाच्या नावे निघणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर दलालाकडून उचल घेणाऱ्या नाखव्याला हे चित्र परके वाटू नये. त्या मच्छीमारांपैकी कित्येकांच्या हातात वर्षाकाठी रोकड अशी पडतच नसे. शेती ओसाड पडत होती, तरुण अमेरिकेतील बोस्टनची वाट धरत होते.

या भागात जिमी टॉम्पकिन्स नावाचे एक धर्मगुरू होते. अँटिगोनिश या गावच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात ते मोठ्या पदावर होते. विद्यापीठाने ज्यांना विद्यापीठात येता येत नाही त्यांच्याकडे गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे प्रांतातील महाविद्यालयांच्या एकत्रीकरणाच्या प्रश्नावर त्यांचे बिशपांशी मतभेद झाले आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची बदली कॅन्सो नावाच्या कंगाल मासेमारी गावात झाली. बदली कसली, हद्दपारीच ती! पण या हद्दपारीतून जे निघाले ते विद्यापीठाच्या दालनात बसून निघाले नसते.

टॉम्पकिन्स यांनी कॅन्सोत दानधर्म सुरू केला नाही. ते धक्क्यावर जात, माणसांशी बोलत, पुस्तिका हातात ठेवत आणि प्रश्न विचारत. या शेवंडाचे शहरात काय येते? मधले पैसे कोठे जातात? १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याचा साठावा वर्धापनदिन देशभर साजरा होत असता कॅन्सोच्या मच्छीमारांनी सभा भरवली. आपल्याला साजरे करण्यासारखे काय आहे, हा सभेचा विषय. पाठोपाठ इतर धर्मगुरूंनी आवाज उठवला आणि सरकारला मच्छीमारीच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १९२८ मध्ये विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन केला व मोझेस कोडी या धर्मगुरूंना त्याचे संचालक नेमले. हा विभागही वरून प्रेरणा होऊन निघालेला नव्हे. सामान्य कॅथॉलिकांच्या एका संघटनेने स्वतंत्रपणे निधी जमवण्याचे ठरवले, तेव्हा अधिकारी मंडळी हलली.

कोडी यांची पद्धत मुद्दाम सांगतो. प्रथम गावात मोठी सभा. तीत कोडी गावकऱ्यांना सुनावत की तुमच्या दारिद्र्याचा काही भाग तुम्ही विचार करण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवल्यामुळे आलेला आहे. सभा संपली की पाच-दहा जणांची अभ्यासमंडळे बनत. हिवाळ्यात, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना, ही मंडळे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात चुलीभोवती बसत. विद्यापीठाकडून पुस्तिका येत. वाचता येणारा वाचून दाखवी आणि बाकीचे वाद घालीत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही माशाचा भाव येतोच. स्त्रियांची स्वतंत्र मंडळे होती आणि त्यांचे काम उभे करण्यात धर्मभगिनींचा वाटा मोठा होता. हिवाळा सरता सरता मंडळाने एक काहीतरी करावयाचे ठरवायचे असे: पतपेढी, दुकान, शेवंडांचा डबाबंदीचा कारखाना. लिटल डोव्हर या कॅन्सोपेक्षाही दरिद्री वस्तीत लोकांनी स्वतः लाकूड तोडून असा कारखाना उभारला. १९३२ मध्ये प्रांताने पतपेढ्यांचा कायदा केला. १९३८ पर्यंत अभ्यासमंडळे हजाराच्या वर व त्यांचे सभासद दहा हजारांच्या घरात गेले. त्याच वर्षी केप ब्रेटनमधील रिझर्व्ह माइन्स येथे, टॉम्पकिन्स यांच्या नव्या धर्मग्रामात, अकरा खाणकामगार कुटुंबांनी सहकारी तत्त्वावर स्वतःच्या हातांनी घरे बांधली.

अभ्यासमंडळ हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. सेवादलाच्या शाखांतून वाढलेल्यांना तर तो घरचाच आहे. पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. पतपेढी रॉचडेलच्या जुन्या नियमाने चाले: माणशी एक मत. सभासद कॅथॉलिक असला पाहिजे अशी अट नव्हती. प्रॉटेस्टंट शेजारी त्याच वहीत नाव घालू शके. आणि ती वही धर्मगुरूच्या कपाटात नसे. कर्ज कोणाला द्यावे हे ज्यांनी ठेवी ठेवल्या ते ठरवीत आणि एखाद्या योजनेवर धर्मगुरू अनुकूल असूनही सभासद प्रतिकूल असले तर ती योजना राही. चर्चने या लोकांना काय दिले, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. त्याने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि नकार देण्याची मोकळीक त्यांच्याकडे राहू दिली. माझ्या समजुतीप्रमाणे आदर तो याहून वेगळा नसतो.

आता तुमच्यापैकी जाणकार म्हणतील की यामागे साम्यवादाची धास्ती होती. होती. ती लपवण्याचे मला कारण नाही. केप ब्रेटनच्या कोळसाखाणींत १९२२ ते १९२५ या काळात मोठे संप झाले. जे. बी. मॅक्लाखलन यांच्यासारखे जहाल नेते तेथे होते व त्यांना तुरुंगात घालण्यात आले. ११ जून १९२५ रोजी न्यू वॉटरफर्ड येथे कंपनीच्या पोलिसांच्या गोळीने विल्यम डेव्हिस हा खाणकामगार ठार झाला. त्याचा स्मृतिदिन तेथे आजही पाळतात. या पार्श्वभूमीवर अनेक धर्मगुरूंना सहकार हा वर्गसंघर्षाला पर्याय म्हणून प्रिय वाटला, आणि बड्या कंपन्यांच्या मालकीला या चळवळीने थेट हात घातला नाही, ही तिची मर्यादा खरीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासमंडळे विरत गेली. दुकाने राहिली, वाद घालणारी स्वयंपाकघरे राहिली नाहीत. आपल्याकडे साखर कारखान्यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यावर भाष्याची गरज नाही. तरीसुद्धा हेतू शंकास्पद म्हणून कृती शून्य ठरवण्याची आपली जुनी खोड मला मान्य नाही. हिशेब करता येऊ लागलेला मच्छीमार पुन्हा अडाणी होत नाही, मग त्याला ते कोणी कोणत्या भीतीने शिकवलेले असो.

येथवर ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल. म्हणून आता दुसरी बाजू सांगतो.

याच प्रांतात, याच काळात, १९३० साली शुबेनॅकडी येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. पैसा सरकारचा, कारभार कॅथॉलिक चर्चचा. धर्मप्रांत वेगळा होता, हॅलिफॅक्सचा, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण चर्च तेच, आणि केप ब्रेटनच्या वस्त्यांतूनही मुले तेथे नेली जात. १९६७ मध्ये शाळा बंद होईपर्यंत हजाराहून अधिक मुले तिच्यातून गेली. ती प्रामुख्याने मिकमॉ जमातीची होती. आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना मार खावा लागे. १९२० च्या कायदादुरुस्तीने सरकारला अशा मुलांना शाळेत सक्तीने पाठवण्याचा अधिकार मिळालेला होता. आईबापांच्या इच्छेला किंमत नव्हती. या शाळेत शिकलेल्या इझाबेल नॉकवुड यांनी १९९२ मध्ये आपले व आपल्या सोबत्यांचे अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा बाहेरच्या जगाला या भिंतींआडचे बरेच काही कळले.

आपल्याकडे मिशनऱ्यांविषयीची चर्चा नेहमी धर्मांतरापाशी येऊन अडते. म्हणून येथे थोडे थांबतो. मिकमॉ हे काही चर्चच्या बाहेरचे लोक नव्हते. त्यांचे प्रमुख मेंबर्तू यांनी १६१० मध्येच बाप्तिस्मा घेतला होता. पुढे धर्मगुरू मिळेनासे झाले त्या दीर्घ काळात या लोकांनी आपल्याच प्रार्थनानायकांच्या आधारे, आपल्याच भाषेत, आपल्या चिन्हलिपीत लिहिलेल्या प्रार्थना म्हणत धर्म टिकवला. संत ॲनाचा वार्षिक मेळा त्यांनी सोडला नाही. म्हणजे शुबेनॅकडीत ज्या मुलांची भाषा मोडली ती तीनशे वर्षांच्या कॅथॉलिकांची नातवंडे होती. प्रश्न धर्म बदलण्याचा असता तर तो केव्हाच सुटला होता. प्रश्न होता तो समोरच्या माणसाला स्वतःचे भले कळते की नाही, याचा. स्कॉटिश मच्छीमाराबाबत चर्चने उत्तर दिले, कळते. मिकमॉ आईबाबत उत्तर दिले, कळत नाही. अँटिगोनिशच्या चळवळीचा कार्यक्रम मच्छीमार, शेतकरी आणि खाणकामगार यांच्याभोवती होता. तिच्या भरभराटीच्या वर्षांत त्या कार्यक्रमात मिकमॉ वस्त्यांना स्थान दिसत नाही. कोडींसारख्या माणसाच्याही नजरेतून एक अख्खी जमात निसटावी, हे मला आजही टोचते, कारण आपल्याही नजरेतून कोण निसटले आहे ते आपल्याला आज दिसत नसणार.

पुढचा हिशेब पैशाचा आहे, तेव्हा तो माझ्या विषयात बसतो. २००६ मध्ये कॅनडात निवासी शाळांच्या पीडितांशी समझोता झाला. त्यात कॅथॉलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलरचा निधी जमवण्याचा यथाशक्ती प्रयत्न करावा असे कलम होते. प्रत्यक्षात चाळीस लाखही जमले नाहीत आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना त्या जबाबदारीतून मोकळे केले. त्याच वर्षी सत्य व समेट आयोगाने या शाळांच्या धोरणाला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. संतप्त लोकमतानंतर २०२१ मध्ये बिशपांनी तीन कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टा प्रांतातील मस्क्वाचीस येथे जाऊन क्षमा मागितली. क्षमायाचनेचे मोल मी कमी लेखत नाही. ती ऐकण्यासाठी वृद्ध माणसे दूरदुरून आली होती. पण त्या दिवशीही कित्येकांची मागणी कागदपत्रांची होती: शाळांच्या नोंदी खुल्या करा, आमची मुले कोठे पुरली ते सांगा. हिशेबाची वही आमच्यापुढे ठेवा, असेच ते म्हणत होते.

आपल्या घराजवळचे एक उदाहरण देऊन थांबतो. वसईत १९१८ साली मोन्सेन्यर मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक शेतकऱ्यांसाठी पतसंस्था सुरू झाली. अँटिगोनिशचा विस्तार विभाग निघण्यास तेव्हा दहा वर्षे अवकाश होता! सावकाराच्या पाशातून बागाईतदार सोडवणे हा तिचा हेतू. तिचीच पुढे बँक झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्याच वसईत जमीन आणि पाणी यांवर बिल्डर व टँकरवाले यांचे आक्रमण सुरू झाले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून हिंदू-ख्रिस्ती सर्वांच्या बरोबरीने रस्त्यावर आले. २०२४ मध्ये ते गेले. त्या मोर्च्यांत आपले कार्यकर्तेही होते. धर्मगुरूच्या बरोबर चालताना त्यांच्यापैकी कोणाला आपला समाजवाद उणावल्यासारखा वाटला असेल, असे मला वाटत नाही.

जाता जाता संयोजकांना एक विनंती. उद्याच्या सत्रात ग्रामीण पतसंस्थांवर माझेच दुसरे भाषण ठेवलेले आहे. ते रद्द करावे. सात-आठ जणांचे गट पाडावेत, प्रत्येक गटात आपापल्या गावच्या एका संस्थेचा ताळेबंद कोणीतरी मोठ्याने वाचावा, आणि ज्याला तो कळला नाही त्याने पहिला प्रश्न विचारावा. मी मागे बसून ऐकेन.