जखमेचे नाव
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात बुधवार पेठेत केलेले भाषण)



संमेलनाच्या आनंदात आम्ही जखमांचा विषय काढीत आहोत, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु या पेठेला तो परका नाही. १० जुलै २०१४ रोजी दुपारी येथल्याच फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात मोटारसायकलीत ठेवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला आणि दगडूशेठ गणपतीच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर माणसे जखमी झाली.

स्फोटाची जखम फसवी असते. अंगावर ओरखडाही नसतो, पण हवेच्या दाबाने कानाचा पडदा फाटलेला असतो. क्वचित फुप्फुसास इजा झालेली असते. म्हणून पहिल्या घटकेला वैद्याने ‘दुखापत, तपशील अनिश्चित’ असे लिहिले तर ते प्रामाणिकपणाचेच होय. दोष आहे तो तपासणी झाल्यावरही तेच शब्द कायम ठेवण्यात.

रोगांना व इजांना संकेतांक देण्याची पद्धत जुनी आहे. १८९३ साली बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी सिद्ध केली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने हे कार्य अंगीकारले. तिच्या दहाव्या आवृत्तीत ‘एस’ या अक्षराखाली शरीराच्या एकेका भागाच्या इजा येतात. फाटलेला कानाचा पडदा एस ०९.२, गुडघ्याखालील पायाचा अस्थिभंग एस ८२. जेथे अवयवही ठाऊक नाही आणि प्रकारही नाही, तेथे टी १४.९. इजा कशाने झाली, हे निराळ्या संकेतांकाने सांगावयाचे असते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. परंतु तत्त्व तेच आहे.

आता घरची गोष्ट. आमच्या कुटुंबातील एका वृद्ध मातेस अप्पा बळवंत चौकात दुचाकीचा धक्का लागला. मनगटाचे हाड मोडले. क्ष-किरण चित्रात ते स्पष्ट दिसत होते. तरीही एका रुग्णालयाने घरी सोडताना कागदावर ‘दुखापत’ एवढेच लिहिले आणि टी १४.९ हा अंक घातला. एस ५२.५ असावयास हवे होते. विमा कंपनीने विचारले, कोणती दुखापत? त्या एका प्रश्नापायी तीन महिने हेलपाटे पडले. खरे सांगावयाचे तर कागद हाती पडला तेव्हा आम्हीही तो वाचला नव्हता.

नुकसान केवळ पैशाचे नव्हे. पुढचा वैद्य त्या कागदावरूनच उपचार ठरवितो. शिवाय अशा अंकांच्याच बेरजेतून शासनास कळते की, माणसे कोठे पडतात, कशाने मोडतात. सर्वच जखमा अनामिक राहिल्या तर धोक्याची जागा सुधारणार कशी?

म्हणून आमची विनंती अल्प आहे. घरी निघण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी पाहाव्यात: अवयव कोणता, बाजू उजवी की डावी, इजेचा प्रकार कोणता आणि ती कशाने झाली. एखादी राहिली असेल तर तेथेच नम्रपणे विचारावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास नोंदींची प्रत ७२ तासांत मिळावयास हवी, हेही ध्यानी असावे.

आपल्या ज्ञातीत बाळाच्या बारशाला आपण किती विचारपूर्वक नाव ठेवतो! संकटातून वाचलेल्या माणसाच्या जखमेलाही तिचे खरे नाव मिळावे, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.