निंबोळी आपली, पण वही कुठे आहे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



झाडपाल्याच्या औषधाचा विषय निघाला की बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, आज्यापासून चालत आलंय, त्यात खोट कशी असेल? दुसरा म्हणतो, पाल्यानं रोग गेला असता तर औषधाच्या दुकानात उधारी कोणी केली असती? आम्ही आज कोणाचीच बाजू घेणार नाही. आधी एका खटल्याची हकीकत सांगतो.

१९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने एक पेटंट दिले. कशाचे? कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे! मालक कोण, तर अमेरिकेचे शेती खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपातल्या हरित पक्षाच्या माग्दा आलव्हूत आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी हरकत घेतली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. त्यावरचे अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले.

कशाच्या जोरावर? 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' एवढ्या बोलण्यावर नव्हे. आपल्याच राज्यातले अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. पेटंटच्या अर्जाआधी हे काम झाले होते, आणि ती साक्ष मोलाची ठरली. बांधावरचा लिंब साक्ष द्यायला जात नाही. साक्ष देतो तो ज्याने करून पाहिले आणि जपून ठेवले तो माणूस.

अर्क वेगळा, तेल वेगळे

आपण इथेच गफलत करतो. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करायचे, हा पाच टक्के अर्क. तो मुख्यतः किडीसाठी. बुरशीसाठी तेल. त्याचा पातळ थर पानावर बसला की बुरशीच्या बीजाला रुजणे अवघड जाते. म्हणून तेल मारायचे ते रोग येण्याआधी, फार तर पहिला ठिपका दिसताच. साबणाच्या पाण्यात ते नीट फेटून घ्यायचे. भर उन्हात मारायचे नाही. आणि दहियासाठी गंधक मारले असेल तर पंधरा दिवस तेलाला हात लावायचा नाही. गंधकावर तेल पडले की पान करपते.

जिथे चालत नाही तिथे नाही

पऱ्हाटीची मर जमिनीतून, मुळातून येते. पानावरचे तेल तिथे पोचत नाही. त्याला रोग सोसणारे वाण आणि पिकाची फेरपालट हाच रस्ता. ज्वारीची काणी बियाण्यावरून येते. किलोला चार ग्रॅम गंधक चोळणे हा स्वस्त, पक्का उपाय आहे. तो सोडून काढ्याच्या नादी लागू नका. दाणे भरताना पाऊस लागून कणीस काळे पडले, तर कुठलाही अर्क ते पांढरे करणार नाही. पीक पक्व होताच कापणे एवढेच हाती राहते. काळ्या ज्वारीला बाजारात काय भाव मिळतो, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पंपातली बुळबुळ

आता पंपात हात घालून पाहा. आत बुळबुळीत थर लागतो ना? जंतू एकमेकांना धरून स्वतःभोवती चिकट वेष्टण विणतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या वेष्टणाच्या आत औषध सहजी शिरत नाही, मग ते रासायनिक असो की झाडपाल्याचे. म्हणून आधी ब्रशने घासायचे, मग धुवायचे, मग उन्हात उलटा ठेवायचा. ड्रममध्ये उरलेला अर्क दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. जंतूंना ती मेजवानीच आहे.

बाटली घेण्याआधी

आमच्यातल्या काहींनी 'वनस्पतीजन्य, सर्व रोगांवर' असे छापलेल्या बाटल्या घेतल्या. त्यावर ना घटक, ना नोंदणी क्रमांक. पैसे गेले आणि हंगामही गेला. पावती मागितली नव्हती, म्हणून तक्रारही करता आली नाही. चूक दुकानदाराची, तशी आमचीही.

तेव्हा मागणे एकच. या हंगामात औषध कोणतेही मारा, पण चार तासे न मारता सोडा. वहीत तारीख, प्रमाण, पाऊस आणि रोग लिहा. वेचणी झाली की मारलेल्या आणि सोडलेल्या तासांचा कापूस वेगळा तोला. फरक पडला तर तसे लिहा, नाही पडला तर तेही लिहा. घरात लिहिणारे कोणी नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला बसवा.

पुढच्या बैठकीला येताना भाषण आणू नका. वही आणा.