सोबतीचं औषध

दारू सुटून मला बारा वर्षं झाली. तरी रेणापूरच्या बाजारात जुना सोबती भेटला की मी आधी त्याला चहाच्या टपरीवर नेतो.

डॉक्टरांनी समजावलं, आईनं रेणुकामातेची शपथ घातली. मी सगळ्यांना हो म्हणायचो आणि संध्याकाळी प्यायचो. फरक पडला तो पुण्याच्या मुक्तांगणमध्ये. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली हे केंद्र काढलं. तिथले बरेच समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. त्यांच्यापुढं थापा चालत नाहीत; त्याच थापा त्यांनीही मारलेल्या असतात. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपी असेच एकमेकांच्या आधारानं सावरले. त्यातूनच अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली.

आता गावात मी हेच करतो. गेल्या पोळ्याला एकाचा पाय घसरला. आठ दिवस पिऊन, घरी तोंड दाखववेना म्हणून तो रात्री माझ्या ओट्यावर आला. मी उपदेश केला नाही. "मीपण दोनदा घसरलो होतो," एवढंच बोललो. तो खूप रडला. सकाळी आम्ही लातूरला डॉक्टरांकडे गेलो. रोजची दारू एकदम तोडली तर हात कापतात, फिटही येऊ शकते. तिथं औषधच लागतं.

झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर तेही लपवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि शेजारी कुणी घसरलाच, तर हसू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.