आडनाव विचारण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी डॉक्टरीच्या महाविद्यालयाविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण तिथे शिकायला जाणारी मुले आपल्याच घरांतून जातात, म्हणून चार शब्द सांगण्याचे धाडस करते.

२०१८ साली आपल्या जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या वर्षी आमची माडीवरची खोली भाड्याने द्यायची होती. एक मुलगी वडिलांना घेऊन आली. मी पाणी दिले, गाव विचारले. यावल तालुक्यातले होते. मग आडनाव विचारले. "तडवी," ती म्हणाली. मी म्हटले, "अगं बाई, खोली कालच दिली गं." जाताना तिच्या वडिलांनी मला हात जोडून नमस्कार केला. खोली पुढे दोन महिने रिकामीच होती.

मी हे विसरूनही गेले असते. पण २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. ही आपल्या जळगावची लेक, वय अवघे सव्वीस. मिरजेला डॉक्टर होऊन ती नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात बाळंतपणाच्या विभागात पुढचे शिकत होती. वरच्या वर्गातील तिघी तिला जातीवरून टोचून बोलत, काम शिकू देत नसत, अशी घरच्यांची तक्रार. त्यावर खटला झाला. त्याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम, माझे नव्हे. मला मात्र वर्तमानपत्रात ते आडनाव वाचताच आमची माडी आठवली.

भगिनींनो, पुस्तक वाचून कोणी बाळंतपण करायला शिकत नाही. वरचे डॉक्टर हाताखाली घेतात, "ये, हे बघ, आता तू कर" म्हणतात, तेव्हा विद्या हातात येते. हे आपल्याला वेगळे सांगायला नको. नव्या सुनेला चुलीपाशी येऊच दिले नाही, आणि वर "हिला कळण्याची भाकरी थापता येत नाही" म्हटले, तर दोष कोणाचा? प्रवेश मिळाला म्हणजे दार उघडले. पण आत गेल्यावर कोणी पाट मांडला नाही तर ती मुलगी उंबऱ्यातच उभी राहते.

"राखीव जागेवरून आली" असे आपणही सहज बोलून जातो. प्रवेशाला जागा राखीव असते हे खरे. पण डॉक्टरीची परीक्षा उत्तीर्ण व्हायला सगळ्यांना गुण सारखेच लागतात, ते कोणी ध्यानात घेत नाही.

आणि अशी मुलगी डॉक्टर झाली तर लाभ कोणाचा? चोपडा, यावल, रावेरकडून सातपुड्याच्या पायथ्याच्या बाया आपल्या सरकारी दवाखान्यात येतात. धुळ्याला शिरपूर-साक्रीकडून भिल्ल, पावरा, कोकणी बाया येतात. पोटात काय दुखते ते परक्या बोलीत सांगताना जीव घाबरतो. आपली बोली समजणारी डॉक्टरीण समोर असली की अर्धे दुखणे तिथेच हलके होते.

आनंदीबाई जोशींचे नाव आपण मोठ्या अभिमानाने घेतो. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यूजर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. ओळख केवळ पत्रांची. देश वेगळा, धर्म वेगळा, अन्न वेगळे. फिलाडेल्फियाचे त्यांचे महाविद्यालय केवळ स्त्रियांसाठी काढलेले, कारण पुरुषांची महाविद्यालये बायकांना घेत नसत. तिथे आनंदीबाईंच्या बरोबर जपानची एक व सीरियाची एक अशा मुली शिकत होत्या. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या परक्या बाईने सात समुद्रांपलीकडच्या मुलीला घर दिले. मी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या मुलीला खोली दिली नाही.

पायलच्या आई आबेदा तडवी दुःख करीत घरात बसल्या नाहीत. हैदराबादच्या विद्यापीठात शिकणारा रोहित वेमुला २०१६ साली असाच गेला. त्याच्या आई राधिका वेमुला यांच्यासह आबेदाबाईंनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दुसऱ्यांच्या मुलांवर ही वेळ येऊ नये, महाविद्यालयांत जातिभेद थांबविण्याची पक्की व्यवस्था व्हावी, एवढेच त्यांचे मागणे. न्यायालय, सरकार, प्राध्यापक आपापले काम करोत. पण टोमणे मारणारी जीभ महाविद्यालयात तयार होत नाही. ती आपल्या ओट्यावर, आपल्या पंगतीत तयार होते. आपण मुलांसमोर जे बोलतो, तेच ती पुढे पांढरा कोट घालून बोलतात.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे, त्यांनी भाडे विचारावे, वागणूक पाहावी, आडनावावरून खोली नाकारू नये. आणि येत्या संक्रांतीला वसतिगृहातल्या मुलींना तिळगुळाला बोलवावे. कुंकू ज्या लावतात त्यांनी लावावे, न लावणारीने नुसता तिळगूळ घ्यावा. पंगत मात्र एकच असावी. सणावारी एकटी पडलेली मुलगी आढळली, तर कोणीतरी तिची मावशी व्हावे.

आमच्या खोलीत आता मुलीच राहतात. पहिल्या दिवशी मी त्यांना एवढेच विचारते, "जेवलीस का गं?" त्या यावलच्या मुलीचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. ती डॉक्टर झाली असेल, आणि कधी माझी नाडी तिच्या हाती आली, तर ती माझे आडनाव विचारणार नाही, अशी मला खात्री वाटते.